सात नंबरची कबुली

इमारतीत त्या बाईंना सगळे 'सात नंबर' म्हणतात. तुम्हाला वाटेल, त्या सात नंबरच्या घरात राहत असतील. तर नाही. त्या राहतात चोवीसमध्ये, मुलगा आणि सुनेबरोबर. सात हा त्यांच्या खुर्चीचा नंबर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली पहिली एकोणीस एका लांबलचक बोर्डासमोर सातव्या खुर्चीवर गेली. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. "सात, तुझा दिवा लागलाय." "आठ, तुझा माणूस ओरडतोय." निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेलं घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं, नंबर मात्र टिकला. पुढे इंटरनेटवर खातं उघडलं तेही त्याच नावाने.

या खात्यावर त्या आपली मतं मांडत. मांडत म्हणजे काय, पसरून ठेवत. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे जाहीरनामे समोर घेऊन बसत आणि लाल पेनने खुणा करत. एकाने फुकट इंटरनेट देऊ म्हटलं, की त्या विचारत, "बदल्यात माझ्या घरातलं काय नेणार?" दुसऱ्याने अफवा पसरवणाऱ्यांना तुरुंगात टाकू म्हटलं, की त्या त्याच पक्षाच्या चार अफवा तारखेसकट लिहून "सुरुवात इथून करा" असा सल्ला देत. डावे त्यांना उजव्या म्हणत, उजवे डाव्या. सात नंबरांचं म्हणणं एवढंच, की दोघांचेही फोन मीच जोडलेत आणि लाइन लागायला उशीर झाला की दोघंही सारखेच खेकसायचे.

पण खरा राग कंपन्यांवर. नवीन अ‍ॅप घेतलं की तुम्ही-आम्ही 'मान्य आहे' दाबून मोकळे होतो. सात नंबर चष्म्यावर भिंग धरून शेवटच्या कलमापर्यंत वाचत. मुलगा म्हणायचा, "आई, अख्ख्या जगात हे वाचणारी तू एकटीच असशील." त्या म्हणत, "असू दे. लिहिणाऱ्याने एवढे कष्ट घेतलेत, कुणीतरी वाचायला नको?"

या रागाला कारण होतं. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला जाई. कॉल जोडायचा, दोन्हीकडून 'हॅलो' ऐकायचं आणि लगेच आपल्या कानाची कळ बंद करायची. त्यापुढचा एक शब्दही आपला नाही. कुणी ऐकताना सापडलं तर नोकरी जायची. सात नंबरांचं सगळं आयुष्य त्या कळीवर बोट ठेवून गेलं. आणि आता म्हातारपणी बघतात तर काय, लोकांच्या घरात कान लावून बसणारेच जगातले सगळ्यात मोठे शेठ झालेले.

खात्याचा आणखी एक उपयोग होता, आणि तो त्यांना मतांहूनही प्यारा होता. आठ नंबर, म्हणजे शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी झटक्याने आडवी झाली. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दूरच्या गावी लेकीकडे पलंगावर असते. सुरुवातीला लेक फोन तिच्या कानाशी धरायची, पण उत्तर देता येईना म्हणून ती रडायला लागायची. शेवटी दोघींनी ते सोडलं. मग सात नंबरांनी रोज दुपारी बरोबर तीन वाजता आपलं मत टाकायचं आणि आठने डाव्या अंगठ्याने त्याखाली काहीतरी दाबायचं, असं ठरून गेलं. पसंत असेल तर अंगठा. राग आला तर लाल तोंडाचा चेहरा. एकदा एका मंत्र्याच्या भाषणाबद्दल लिहिलं तेव्हा आठने लागोपाठ अकरा लाल तोंडं पाठवली. सात नंबर इतक्या हसल्या की सून पाणी घेऊन धावत आली.

तर अशी घडी बसलेली असताना वॉर्डातून निवडून आलेल्या साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे पाण्याची तक्रार कागदावर घेतली जाणार नाही, फक्त नव्या अ‍ॅपवर. सोबत फोटो. साहेब, शेजारी कंपनीचा माणूस, दोघांचे मिळून चौसष्ट दात. सात नंबरांनी अ‍ॅपच्या अटी काढल्या, बत्तीस पानं दोन दुपारी खर्ची घालून वाचली आणि तिसऱ्या दुपारी, तीनच्या ठोक्याला, त्या फोटोखाली लिहिलं:

"नळाला पाणी नाही हे सांगायला माझ्या फोनचा मायक्रोफोन कशाला हवा? कलम एकोणीस म्हणतं, अ‍ॅप बंद असतानाही तो वापरता येईल. मी एकोणीस वर्षं लोकांचे फोन जोडले. आम्ही ऐकलं असतं तर घरी पाठवलं असतं. हे ऐकतात आणि त्याला सेवा म्हणतात. साहेब, तुम्ही यावर सही केलीत ती वाचून की न वाचता? वाचून केली असेल तर लाज वाटू द्या. न वाचता केली असेल तर कृपया आजपासून वाचायला लागा. भिंग मी देते."

आठचा अंगठा एका मिनिटात आला. संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांचे आले. साहेबांची माणसंही मग कामाला लागली, खात्याच्या कंपनीकडे तक्रारींचा ढीग लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीने खातं बंद केलं. त्या जागी मजकूर होता, की तुमच्या लिखाणामुळे एका व्यक्तीचा छळ आणि लोकांची दिशाभूल झाली आहे. कमेंट काढून टाका आणि खालच्या चौकोनात टिक करा. नाहीतर तीस दिवसांनी खातं सगळ्या मजकुरासकट कायमचं पुसलं जाईल. चौकोनापुढे लिहिलं होतं, 'मी नियम मोडला, हे मला मान्य आहे.'

आता यात छळ कुणाचा झाला? कलम एकोणीस काय सात नंबरांनी घरी बसून लिहिलं होतं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्यांनी दाद मागितली. चाळीस सेकंदांत उत्तर आलं, की आमच्या टीमने प्रकरण काळजीपूर्वक तपासलं असून निर्णय कायम आहे.

"चाळीस सेकंद!" सात नंबर सुनेला म्हणाल्या. "मला माझा चष्मा शोधायला याहून जास्त वेळ लागतो."

"अहो आई, तो तरी खरा शोधता तुम्ही," सून म्हणाली.

पहिले काही दिवस त्या नुसत्या धुमसत होत्या. दहाव्या दिवशी आठच्या लेकीचा फोन आला. "मावशी, तुमचं काही येत का नाही हो? आई रोज तीन वाजता फोन हातात घेऊन बसते. मी सांगितलं खातं बंद आहे म्हणून, पण तिला पटत नाही. काल फोन फेकून दिला तिने."

सात नंबर त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि ज्या बाईने तापातही जेवण चुकवलं नव्हतं तिने ताट बाजूला सारलं म्हटल्यावर मुलगा समोर येऊन बसला. मुलगा लिफ्ट तपासणारा. इमारती-इमारतीतून फिरायचं, दोर, ब्रेक, दरवाजे पाहायचे आणि लिफ्ट सुरक्षित असल्याच्या कागदावर सही करायची, हे त्याचं काम.

"आई, टिक कर आणि मोकळी हो. कोण बघतंय? मी दिवसातून पन्नास ठिकाणी न वाचता टिक करतो."

"लिफ्टच्या कागदावरही?"

"ते वेगळं."

"का वेगळं?"

मुलगा जरा चिडूनच म्हणाला, "बरं, तू नको करूस. दे इकडे, मी करतो. तू तिकडे बघ. मावशीसाठी तरी!" आणि त्याने खरंच फोन उचलला.

"खाली ठेव तो!" सात नंबर इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. मुलाने फोन खाली ठेवला. तेव्हा त्यांनी त्याला ती गोष्ट सांगितली, जी त्याच्या वडिलांनाही कधी सांगितली नव्हती.

त्या चोवीस वर्षांच्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलमधून एका डॉक्टरांचा कॉल आला, सात नंबरांच्याच गल्लीत राहणाऱ्या, बँकेतल्या कॅशियरसाठी. दोन्हीकडून हॅलो झालं. कळ बंद करायची, ती त्यांनी केली नाही. ओळखीचा माणूस म्हणून बोट तिथेच थबकलं. रिपोर्ट वाईट होता. कॅशियर म्हणाला, घरी एवढ्यात काही सांगू नका. दोन दिवसांनी भाजीवाल्यापाशी त्याची बायको भेटली. सात नंबरांना राहवलं नाही. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, धीर धरा." ती म्हणाली, "कशाचा?"

"तो चेहरा अजून दिसतो मला," सात नंबर म्हणाल्या. "मी पळून आले तिथून. कुणी तक्रार केली नाही, कुणाला कळलंही नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझर बाईंकडे गेले आणि अर्धं पान लिहून दिलं. मी ऐकलं, ऐकायला नको होतं. बाईंनी वाचलं आणि एकच विचारलं, हे तुला कुणी लिहायला लावलं का? मी म्हटलं, नाही. महिनाभर घरी बसवलं मला. त्या वहिनींनी पुढे जन्मात ओळख दाखवली नाही. मी कानाला खडा लावला तो तेव्हा."

मुलाने फोन आईकडे सरकवला.

"तेव्हा माझी चूक होती, म्हणून मी आपणहून लिहून दिलं. आता चूक त्यांची, आणि कबुली माझ्याकडून हवी? तीही चौकोनात टिक करून? एवढी स्वस्त नाही माझी कबुली."

बोलणं झालं खरं, पण आठचं काय? वीस दिवस सात नंबर त्या एकाच विचाराने पोखरल्या गेल्या. तीन वाजले की त्यांना पलंगावर फोन धरून बसलेली मैत्रीण दिसे. तत्त्व ठेवायचं आपण आणि त्याची झळ सोसायची त्या बिचारीने, हा कुठला न्याय? एकदा स्वतःला शिव्या घालत, एकदा कंपनीला, आणि साहेबांना दोन्ही वेळा. तिसाव्या दिवशी सकाळी तर त्यांनी फोन हातात घेतला, तो चौकोन उघडला आणि बोट त्याच्यावर नेलं. दुपारी बारापर्यंत मुदत होती. बोट काही खाली येईना. शेवटी त्यांनी स्क्रीन बंद केली आणि आठच्या लेकीला साधा फोन लावला.

"मुली, फोन आईच्या कानाशी ठेव आणि तू बाहेर जा. जोडलं की ऐकायचं नाही."

"पण मावशी, ती रडेल..."

"रडू दे. मीही रडणार आहे. जा तू."

मग सात नंबरांनी मैत्रिणीला सगळं सांगितलं. कलम एकोणीस, साहेबांचे दात, चाळीस सेकंदांचा तपास, तो चौकोन. कॅशियरच्या बायकोची गोष्ट सांगायची गरजच नव्हती. त्या महिन्यात सातव्या खुर्चीचेही दिवे आठनेच सांभाळले होते.

"आठ, मी टिक केली तर आज तीन वाजता पुन्हा भेटू. नाही केली तर हे कायमचं जाईल. मला ठरवता येत नाही गं. तू सांग. पण तू सांगणार कशी, हेही मला कळत नाहीये."

पलीकडून नुसता श्वास येत होता. सात नंबरांनी डोळे पुसले. आणि तेवढ्यात आवाज आला. टक. टक.

बोर्डावर बसल्यावर आपसात बोलायला बंदी होती, म्हणून शेजारणी पेन्सिलीने लाकडावर ठोकत. एकदा ठोकलं म्हणजे 'ऐकलं'. दोनदा म्हणजे 'तुझा कॉल संपलाय, प्लग ओढ'. इतक्या वर्षांत सात नंबरांना त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. आठला झाली. पेन्सिल नसेल, बोटातली अंगठी असेल, लाकडाऐवजी पलंगाचा लोखंडी दांडा असेल. पण ठोका तोच होता.

"ओढू?" सात नंबरांनी विचारलं.

टक. टक. या वेळी जरा चिडूनच, किती वेळा सांगायचं अशा थाटात.

बाराला पाच मिनिटं असताना कंपनीने शेवटची आठवण पाठवली, की तुमच्या अकरा वर्षांच्या आठवणी आम्हाला जपायच्या आहेत. सात नंबरांनी ती सुनेला मोठ्याने वाचून दाखवली. "बघ, दरोडेखोर म्हणतोय दागिने सांभाळतो," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या. बाराला खातं गेलं.

तीन वाजता त्यांनी पुन्हा फोन लावला. लेकीने न सांगताच तो आईच्या कानाशी ठेवला आणि दार लोटल्याचा आवाज आला. त्या दिवशी सुट्टी असल्याने मुलगा घरीच होता. तो ऐकायला दारात उभा राहिला, तर आईने त्याला हाताने घालवून दिलं.

"हॅलो, सात बोलतेय."

टक.

सात नंबरांनी चष्मा चढवला, वहीत लिहून ठेवलेली ती कमेंट काढली आणि नळाच्या पाण्यापासून भिंगापर्यंत, कलम एकोणिसासकट, एकही शब्द न गाळता मोठ्या आवाजात वाचली. वाचून झाल्यावर त्या थांबल्या. पलीकडून ठोके यायला लागले, एकामागून एक, दांडा वाकेल इतके जोरात. सात नंबरांनी मोजले.

अकरा.