उताराचा हाफ

लग्न होऊन जामनेरहून जळगावला आले तेव्हा मला फुटबॉलमधलं एवढंच माहीत होतं की चेंडू हाताने धरायचा नसतो. नवरा पाइपच्या कारखान्यात कामाला होता आणि रविवारी पेठेच्या संघातून बॅक खेळायचा. सासऱ्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण संघ आपलाच असल्यासारखे वागायचे. सारी पेठ त्यांना आबा म्हणायची. मीही तेच म्हणू लागले.

मैदान घरामागेच, रस्ता आणि डाळमिलची भिंत यांच्या मधे. त्याला मिलच्या बाजूला उतार होता आणि तो थोडाथोडका नव्हता. रस्त्याकडच्या गोलपाशी चेंडू हलकेच ढकलला तरी मध्यरेषेपलीकडे जायचा. पाहुणे टॉस जिंकले की हावरटासारखे आधी उतार मागायचे. आमचे जिंकले की चढ मागायचे. म्हणजे काहीही झालं तरी दुसऱ्या हाफमध्ये आमचे खाली धावायचे आणि दमलेले पाहुणे वर चढायचे. पेठेत त्याला ‘उताराचा हाफ’ म्हणत आणि लोक तेवढाच बघायला येत. चढाचा हाफ काय बघायचा? चारला शिट्टी ऐकू आली की मी चहा टाकायचे. आबा तो बशीत ओतून सावकाश प्यायचे, टोपी घालायचे आणि निघायचे. ते पोचेपर्यंत मध्यंतर झालेलं असायचं.

नवऱ्याचा उजवा गुडघा दर सोमवारी सुजायचा. त्यावर लेप लावून मी कंटाळले होते. त्यामुळे मैदान सपाट करून द्या, असा अर्ज नगरपालिकेला द्यायचं संघातल्या मुलांनी ठरवलं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला लिहायला सांगितला, तेव्हा मी आनंदाने लिहिला.

दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. “लिख. मना इरोध शे.”

“आबा, कालचा अर्जही मीच लिहिलाय.”

“माले माहीत शे. तुनं अक्षर चांगलं शे. लिख, उतार दोन्ही संघसले सारखाच मियस, म्हनीसन कोनावर अन्याय नही.”

“दोघांना सारखाच मिळतो, तर काढल्याने बिघडतं काय?”

आबांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला. “तुले फुटबॉलमा काय समजस? मी सांगस ते लिख.”

लिहिला. नगरपालिकेतला कारकून नवऱ्याला म्हणाला, “एकाच घरातून, एकाच हातचे दोन अर्ज! साहेबांनी आता ऐकायचं कुणाचं, सासऱ्याचं की सुनेचं?”

सुनेचं ऐकलं गेलं. मुरूम पडला, रोलर फिरला. तो हंगाम संघ कॉलेजच्या मैदानावर खेळला. काम संपल्यावर पेठेतली माणसं संध्याकाळी येऊन उभी राहायची आणि टाचेने जमीन दाबून बघायची. मिलमधला एक म्हातारा हमाल म्हणाला, “तव्यासारखं केलं.” ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. मैदान जागच्या जागी होतं, तरी लोक परक्या गावात आल्यासारखे वावरत होते.

पानाच्या दुकानावर कुणीतरी म्हणालं होतं, “आता कळेल, पोरं जिंकायची का उतार.” नवऱ्याने ते घरी येऊन सांगितलं, पण सांगताना हसला नाही. इतकी वर्षं तो त्या मैदानावर खेळला आणि जिंकला होता. त्यातलं आपलं किती आणि जमिनीचं किती, हे आता सगळ्यांसमोर ठरणार होतं. मी म्हटलं, “कळेल तर कळू द्या.” हे जरा कडक झालं. पण आजही मी हेच म्हणेन.

पहिला सामना धुळ्याच्या संघाशी लागला. उताराच्या नावाने सगळ्यात जास्त ओरडणारे तेच. चारला शिट्टी झाली. मी सवयीने चहा टाकला, आबांनी सवयीने सावकाश घेतला. आम्ही दोघं मैदानावर पोचलो तेव्हा मध्यंतर झालं होतं आणि सारी पेठ तोंड पुसत घराघरांतून येत होती. धुळ्याचे दोन गोल झाले होते. आमच्या मुलांनी पहिला हाफ रिकाम्या कडांसमोर खेळून काढला होता. उतार गेला म्हणून सगळे हळहळले होते, त्याबरोबर चढही गेला हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि अर्ज तर मी लिहिलेला.

दुसऱ्या हाफमध्ये लोक घसा फाटेपर्यंत ओरडले. मी मात्र पास बघत होते. नवऱ्याचा तो लांब पास, जो पूर्वी घरंगळत पुढच्या गड्याच्या पायाशी जायचा, आता वाटेतच थांबत होता. दर वेळी सात-आठ पावलं कमी. आम्ही एक गोल फेडला आणि हरलो.

धुळ्याचा कप्तान हात मिळवायला आला. “भाऊ, उतार गया, पन तुम्ही बठ्ठा आजून उतारवरच पयी ऱ्हायनात.” आम्ही सगळे अजून उतारावरच पळतोय, या त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, “म्हणजे उतारच जिंकायचा.”

“उतार काय एकटा पास द्यायचा? किती जोर लावायचा ते तुमच्या पायाला ठाऊक होतं. आता ठाऊक नाही. शिकवा त्याला.”

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात जायच्या आधी तो पास मारायचा आणि मी चुन्याचा डबा घेऊन पलीकडे उभी राहायचे. चेंडू थांबेल तिथे चुन्याची खूण करायची. पहिल्या दिवशी खुणा कोंबड्यांना दाणे टाकल्यासारख्या पसरल्या.

“काय वहिनी, रांगोळी का?” रस्त्यावरून एकाने विचारलं.

“हो. पाटही मांडते, बसा जेवायला.”

काही आठवड्यांनी खुणा माझ्या चपलांजवळ गोळा होऊ लागल्या. गुडघा अधूनमधून सुजतच होता, ते वेगळं.

मग परतीचा सामना धुळ्यात झाला. आबा गेले नाहीत. नवरा संध्याकाळच्या बसने परतला तेव्हा ते ओट्यावरच बसले होते.

“काय व्हयनं?”

“बरोबरी. एकेक.”

“आपला गोल दुसरा हाफमाच ना?”

“नाही आबा, पहिल्या. माझ्या पासवर.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “आते सुरुवातपाइनच येनं पडी.”

पुढच्या रविवारी मी चहा तीनला टाकला.