मैल्याचं खळं

स्वातंत्र्य मिळून दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीच्या माळावर एका कारखान्याची नवी वसाहत उभी राहिली होती आणि तिच्या मैलापाण्याच्या कामावर मी सुपरवायझर होतो. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ वाळूच्या वाफ्यांवर सोडायचा. पाणी वाळूतून खालच्या नळात उतरतं, वरून ऊन लागतं आणि गाळाची खपली धरते. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या वाफ्यांवर गाळ पिठल्यासारखा थलथलत पडून असायचा.

कारण आमचा मुकादम. चिखलीचा शेतकरी गडी. सुकी खपली उचलताना तिच्याबरोबर थोडी वाळू निघून जाते, हे त्याला बघवेना. मी रजेवर असताना त्याने सगळ्या वाफ्यांवर पाणी मारलं, धुमसाने ठोकून ते टणक केले आणि वरून शेणाने छान सारवले! थेंबभर पाणी खाली उतरेल कसं? मी ओरडलो तर म्हणाला, "आमच्या खळ्यावर दाना वाया जात न्हाई, मग हितं वाळू का जावी?"

त्याच्यावर मी फार चिडलो नाही. चिडलो कारखान्याच्या साहेबावर. त्याने ते सारवण पाहून मुकादमाची पाठ थोपटली होती. स्वच्छ दिसतं म्हणे, आणि वाळूची नासाडीही थांबली.

गाळ वाहायला दापोडीहून दोघी येत, सासू आणि सून. घाण उचलायची म्हटली की ठरलेल्या घरांतलीच माणसं बोलवायची, ही आपली जुनी खोड नव्या कारखान्यातही जशीच्या तशी आली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत ओला मैला आणि त्याचं पाणी कपाळावरून थेट डोळ्यांत. सासूचे डोळे कायम लालभडक असायचे. वाफे उकरू द्या, म्हातारीचे डोळे जातील, असं सांगायला मी साहेबाकडे गेलो. मान वर न करता तो म्हणाला, "त्यांना सवय असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवय! याच्या टेबलावर चहा सांडला तरी शिपायाला धावत यावं लागायचं.

मी त्याला पुन्हा विचारायला गेलोच नाही. मुकादमाच्याच हाती कुदळ दिली, सगळे वाफे उकरून घेतले आणि पवना नदीची जाड वाळू धुऊन भरली. तो तोंड पाडून राबला. पुढच्या खेपेला गाळाला भेगा पडल्या, सुकी ढेकळं फावड्याने अलगद निघाली. पाट्या हलक्या झाल्या. सून पहिल्यांदाच हसताना दिसली आणि मीही मनातून फुशारलो.

आता मात्र साहेब वाफ्यांवर आला. हलक्या पाट्या पाहिल्या आणि उभ्या उभ्या हुकूम सोडला: एवढ्या कामाला एक बाई पुरे, म्हातारीला काढा. मी हमरीतुमरीवर आलो, पण त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

म्हातारीने पाटी पालथी घातली आणि लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुमी चांगलंच करायला गेलात. पन गाळ वला ऱ्हायला असता, तर माजं काम ऱ्हायलं असतं."