शेवटचा फर्मा

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्यात आणि नवऱ्याच्या धाकट्या बहिणीत विस्तव जात नव्हता. धाकटी टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. दिवसभर परक्या माणसांशी गोड बोलून थकायची आणि घरी येऊन त्याचं उट्टं वहिनीवर काढायची. वहिनीही काही कमी नव्हती, ती तिला मुद्दाम जुन्या वळणाने ‘वन्सं’ म्हणून चिडवायची. मग एका सुट्टीच्या दुपारी वन्संला वहिनीच्या उशीखाली उशीपेक्षा जाड कादंबरी सापडली. म्हातारे झालेले ड्रॅगन जिथे निजतात तिथेच त्यांचे डोंगर होतात, अशा एका राज्याची. ती घेऊन वन्सं गच्चीवर गेली ती चहाला हाका मारल्या तरी खाली आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "पुढचा भाग कुठाय?" त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या झाल्या.

पुढे वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा दादा, अचानक गेला. वहिनीला मूलबाळ नव्हतं, वन्संने लग्नाचं नाव काढलं नव्हतं. नातेवाइकांना वाटलं, आता या दोघी आपापल्या वाटेने जाणार. कशाच्या जातात! तोवर कपाटात इतक्या राक्षसांची, चेटकिणींची आणि अंतराळयानांची गर्दी झाली होती, की वाटणी करायला कोणी पंच बसला असता तर त्याचंच डोकं फिरलं असतं.

वहिनी मोठ्या वाचनालयाच्या तळघरात बाइंडिंगचं काम करायची. फाटकी, सुटलेली पुस्तकं वरून खाली यायची आणि धडधाकट होऊन वर जायची. हेच कसब तिने घरात आणलं. जाड पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोन, थांबायची तयारी एकीचीही नाही. म्हणून नवंकोरं पुस्तक आणलं की वहिनी त्याच्या पाठीवरचं कापड सोलायची, दोरा कापायची आणि आतल्या घड्या सुट्या करायची. बाइंडर अशा घडीला फर्मा म्हणतात. एकेक फर्मा आधी वहिनी वाचणार, मग तो वन्संकडे जाणार. दोघींचं वाचून झालं की पुन्हा शिवण, पुन्हा खळ, पुन्हा पुठ्ठा, आणि पुस्तक पहिल्यापेक्षा मजबूत. घरी आलेले लोक कोऱ्या पुस्तकाची ही दशा बघून हळहळायचे. वन्सं त्यांना सांगायची, "आमच्याकडे ऑपरेशन करूनच वाचतात."

या घरात नियम एकच होता. पुढे असलेलीने पुढचं सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. वन्सं मागे असल्यामुळे तिने लाख प्रयत्न केले. लाडीगोडी लावली, अबोला धरला, एकदा तर ताप आल्याचं सोंग केलं. वहिनीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. खरी मजा असायची ती दोघींचं संपल्यावरच्या रविवारी. त्या दिवशी त्या शेवटावरून भांडायच्या, अगदी कडाकडा. वन्संचं सगळ्यात लाडकं पुस्तक एका ग्रहाचं होतं, जिथे आवाज इतका हळू चालतो की आजीने मारलेली हाक नातीला म्हातारपणी ऐकू येते. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईला ते आवडणारच. वहिनी म्हणायची, "तुझ्या यानांतली माणसं कधी जेवत नाहीत, कधी त्यांची नखं वाढत नाहीत." वन्सं म्हणायची, "आणि तुझे ड्रॅगन एवढाले, हवेत राहतात कशाच्या जोरावर? तुझ्या हट्टाच्या?" अशाने रविवारचा दिवस कुठे जायचा ते कळायचं नाही.

गेली काही वर्षं दोघी एकाच कथेत अडकल्या होत्या. दोन चंद्रांच्या मधल्या हवेत होडी वल्हवणारी एक नावाडीण, तिचा भाऊ पलीकडच्या चंद्रावर हरवलेला, आणि ती भागामागून भाग त्याला शोधत चाललेली. नवरा गेल्यावर या कथेला वेगळंच वजन आलं. वन्सं एकदा वाचता वाचता सहज म्हणाली, "मला बाई त्या भावाच्या जागी दादाच दिसतो." वहिनीलाही तोच दिसायचा, पण ती बोलली नव्हती.

शेवटचा भाग निघाला तेव्हा वन्सं रुग्णालयात होती. पोटातलं दुखणं फार उशिरा सापडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच हातात आहे. वन्संला ते कोणी न सांगता कळलं होतं. पुस्तक बघून ती उठून बसली. "एवढं संपवू दे गं मला," ती म्हणाली. "भाऊ भेटतो का तेवढं कळू दे. मग मी मोकळी."

वहिनी रोज तळघरातलं काम उरकून एकेक फर्मा घेऊन जायची. वन्संची बोटं काडीसारखी झाली होती, पण पान उलटायला कोणाची मदत घ्यायची नाही. वहिनी पुढे वाचत होती आणि पुढचं वाचून तिचा धीर सुटत चालला होता. शेवटचा फर्मा तिने दुपारच्या सुट्टीत, दाबयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून वाचला. शेवटून दुसऱ्यात नावाडिणीला पलीकडच्या किनाऱ्यावर भावाने लावलेला दिवा दिसतो. शेवटच्यात तिची होडी त्या दिव्याच्या उजेडातच फुटते. भाऊ रोज दिवा लावत राहतो, त्याला काही कळतच नाही.

वहिनीने तो फर्मा मिटला आणि ती रडली. हे मरणाऱ्या बाईच्या हातात कसं द्यायचं? जिला दादाकडे जायचंय, तिला सांगायचं की होडी पोचत नाही?

मग तिने असं काही केलं जे फक्त बाइंडरलाच सुचेल. शेवटचं प्रकरण सगळं त्या एका फर्म्यात होतं, त्याआधीचं पान दिव्यापाशी पूर्ण थांबत होतं. तिने तेवढा एक फर्मा वगळून पुस्तक शिवलं, शेवटच्या पानामागे अस्तर चिकटवलं, पुठ्ठा चढवला. जन्मात इतकं सफाईदार काम तिच्या हातून झालं नव्हतं. वगळलेला फर्मा घरी न्यायचा तिला धीर होईना, म्हणून तो तिने दाबयंत्राच्या फळीखाली सरकवून ठेवला.

"माझं व्हायच्या आधीच शिवलंस?" वन्संने विचारलं.

"इथे सुट्या घड्या हरवतात," वहिनी म्हणाली. "सिस्टर चादरीबरोबर धुवायला टाकतील."

रविवारी वहिनी गेली तेव्हा पुस्तक वन्संच्या छातीवर मिटलेलं होतं. वहिनी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "झालं? छान आहे नाही शेवट? दिवा दिसला म्हणजे पोचलीच समज."

वन्संने पुस्तक छातीवरून बाजूला सारलं.

"मला नाही आवडला," ती म्हणाली. "घाबरली ती लेखिका. एवढे भाग खंबीरपणे लिहिले आणि शेवटी कच खाल्ली. दिवा दाखवला की झालं? अगं, पोचली नसती तरी मला चाललं असतं. पण नक्की काय ते सांगायला हवं होतं. मी एवढी थांबले होते."

वहिनीने तिचं पांघरूण सारखं केलं. "तसं नाही काही, चांगला आहे," एवढंच ती म्हणाली.

"तू भांडत का नाहीयेस?" वन्संने मान वळवून विचारलं. "आजारी आहे म्हणून? आज रविवार आहे ना गं?"

वहिनीला भांडता येईना. भांडणार कशावरून? दोघींनी वाचलेलं पुस्तक एक नव्हतंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी दोन वेगवेगळी पुस्तकं वाचून समोरासमोर बसल्या होत्या, आणि ते एकीलाच ठाऊक होतं. तोंडी सांगून टाकावं असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण तोंडी सांगताना आपण पुन्हा काहीतरी गोड करून ठेवू, याची तिला खात्री होती. तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता.

"उद्या येते," ती म्हणाली. "उद्या भांडू. मी एक गोष्ट आणते."

"काय आणतेस?"

"पुढचं सांगायचं नाही," वहिनी म्हणाली, आणि वन्सं हसली.

रविवारी वाचनालयाला कुलूप होतं. सोमवारी दार उघडताच वहिनीने तळघरात जाऊन फळीखालचा फर्मा काढला आणि तडक रुग्णालय गाठलं. वन्संचे डोळे मिटलेले होते, श्वास थांबत थांबत चालला होता. सिस्टर म्हणाली, पहाटेपासून अशाच आहेत, पण बोला तुम्ही, ऐकू येतं म्हणतात.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली आणि वाचू लागली. एकही शब्द तिने गाळला नाही, एकही गोड केला नाही. होडी फुटली तेही वाचलं. भाऊ वात नीट करतो, तेल घालतो, पलीकडे बघत उभा राहतो, तेही वाचलं. शेवटचं पान संपल्यावर तिने फर्मा मांडीवर ठेवला.

"घे," ती वन्संला म्हणाली. "हा खरा शेवट. मीच काढून ठेवला होता. घाबरट ती लेखिका नव्हती गं, मी होते. आता भांड माझ्याशी."

सिस्टर कधीपासून मागे उभी होती कोण जाणे. तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, वन्संचं मनगट हातात घेतलं आणि हलकेच खाली ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, "त्या गेल्या. तुम्ही वाचत होतात तेव्हाच."

वहिनीने मांडीवरची पानं पुन्हा पहिल्यापासून उलटून बघितली. मग मान वर करून तिने सिस्टरला विचारलं, "कुठल्या पानापर्यंत ऐकलं असेल तिने?"