ठरावाखालची सही

यशोदा धुरी कसालच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं स्वयंपाक करत होती. सकाळच्या पहिल्या एसटीने धामापूरहून यायची, रात्रीची भाकरी-आमटी झाकून संध्याकाळी परत जायची. दोन वर्षांपूर्वी तपासणीला साहेब येणार म्हणून संस्थेने घाईघाईने तक्रार निवारण समिती नेमली. समितीत कर्मचाऱ्यांपैकी एक जण लागतो, म्हणून तिचं नाव घातलं. तिला ते भिंतीवर फलक लागल्यावर कळलं.

मुलींनी मात्र तो फलक खरा मानला. गेल्या श्रावणात कुणकेश्वरची रिया दुपारी स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून उभी राहिली.

"मावशी, तुझा नाव फळ्यार आसा, म्हणान इलंय."

रिया कॉलेजात असताना रेक्टर दीपिका मॅडमनी तिचं कपाट उघडलं होतं. आत मानसोपचाराच्या डॉक्टरांचा कागद होता. रात्री जेवणाच्या पंगतीत, चाळीस मुलींसमोर मॅडमनी विचारलं होतं, "या डोक्याच्या गोळ्या कधीपासून घेतेस गं?"

"माझा नाव कोणाक सांगशीत नाय मां?" रियाने विचारलं.

"नाय सांगूचंय," यशोदा म्हणाली.

समिती काय करते, हे तिलाही ठाऊक नव्हतं. हात पुसून ती थेट ऑफिसात गेली आणि संस्थेच्या सचिवांना, हरिश्चंद्रभाऊंना म्हणाली, "बैठक घ्या." त्यांना आधी हसू आलं. पण ती रोज विचारायला लागली, तेव्हा आठव्या दिवशी बैठक बसली. खुर्च्या तीन. एक भाऊंची, एक तिची आणि तिसरी दीपिका मॅडमची, कारण समितीच्या कार्यवाह त्याच होत्या. आल्याआल्या भाऊंनी कागद पुढे केला. "उपस्थितीची सही करा." तिने तळाशी केली.

"तक्रार कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"नाव सांगणार नाही."

"नाव नसेल तर तक्रारच नाही. आणि कपाटं मुलींच्या सुरक्षिततेसाठीच तपासतो."

"मग त्या कागदातलं सगळ्यांसमोर बोललात, ते कोणाच्या सुरक्षिततेसाठी, मॅडम?"

मॅडम लिहीत राहिल्या. भाऊ म्हणाले, "बरं, विचार करू." चहा आला, आणि बैठक संपली.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. तक्रारीत तथ्य आढळले नाही, निर्णय एकमताने. खाली तीन सह्या, मधली यशोदेची.

नोटीस भिंतीवरून काढून ती ऑफिसात गेली. "ही सही हजेरीची आहे."

"मावशी, कागद एकच असतो," भाऊ शांतपणे म्हणाले. "वर ठराव, खाली हजेरी."

"मी सही केली तेव्हा वर काही नव्हतं."

"आता आहे ना?"

त्याच आठवड्यात मॅडमनी रियाच्या आईला फोन केला. मुलीची तब्येत नाजूक आहे, जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, घरी ठेवलेलं बरं. आई तिला न्यायला आली. यशोदा पोळ्या अर्ध्यावर टाकून हायवेवरच्या थांब्यापर्यंत धावत गेली.

"रिया, ती सही ठरावाची नाय गो!"

"पण तुझीच मां?"

यशोदेच्या तोंडून "माझीच" एवढंच निघालं. पुढचं सगळं सांगायचं राहिलं. देवगडची गाडी आली, आईने पिशव्या उचलल्या. रिया पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

समितीतून नाव काढा, असा अर्ज यशोदेने स्वतःच्या हाताने लिहून दिला. भाऊंनी तो फाइलीत लावला. तिला नोकरीवरून कोणी काढलं नाही. चाळीस जणींचं रांधणारी बाई एवढ्या पगारात दुसरी मिळाली नसती.

भक्ती नावाची एक मुलगी पूर्वी संध्याकाळी चुलीजवळ बसून तिला घरच्या गोष्टी सांगायची. आता ती ताट घेऊन तशीच वळते. दुपारी यशोदा आमटीचं भांडं घेऊन पंगतीत शिरली, की मुलींचं बोलणं थांबतं आणि ती वाढून पुढे गेल्यावर पुन्हा हळूहळू सुरू होतं.