‘नीलदुर्गा’च्या शेवटच्या अंकाला लाल टॅग

मेथी अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात माझी नणंद दिव्या फर्स्ट शिफ्टवरून आली. आमच्याकडे नवे पुस्तक हळदकुंकू लावल्याशिवाय उघडत नाहीत. त्यामुळे सकाळी आणलेला ‘नीलदुर्ग’ या चित्रकथेचा शेवटचा अंक मी देव्हाऱ्यापुढून उचलून दिला. ती उंबऱ्यातच वाचायला बसली.

दिव्या एकतीस वर्षांची. चाकणला प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटीत आहे. ओरखडा असलेला एकही तुकडा पुढे जाऊ देत नाही. ती दहा वर्षांची असताना मामंजींनी तिला नीलदुर्गाचा खेळण्यातला द्वारपाल आणून दिला, वीतभर उंचीचा. त्याच वर्षी ते गेले. पुढे त्या खेळण्यांवर ही चित्रकथा निघू लागली. तेव्हापासून हिला एकच बघायचे होते, वेशीवर एकटा उभा असलेला द्वारपाल एकदाचा घरी पोचलेला.

शेवटच्या अंकात तो एका चौकटीत दरीत पडला. कुणी मागे वळूनही पाहिले नाही. पुढची आठ पाने जाहिराती.

“वहिनी, वेस फोडणारा राक्षसच राजा झाला. का, तर त्याची नवी बाहुली बाजारात येतेय!”

“लग्नाच्या वयात खेळा बाहुल्या,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तू आणलेली स्थळं बरी. पोहे खाऊन जातात, दरीत ढकलत नाहीत.”

तशाच आम्ही दोघी कुरुळीच्या चौकात दुकानदार नानासाहेबांकडे अंक परत करायला गेलो. त्यांनी कव्हर बघून हात जोडले. “ताई, कुंकू लागलंय. पूजा झालेला माल मी परत कसा पाठवू?”

चूक माझी.

घरी येऊन तिने कंपनीतल्यासारखा रिजेक्टचा लाल टॅग तयार केला. दोष एक : द्वारपाल विनाकारण मारला. दोष दोन : गुन्हेगाराला शिक्षा नाही. निर्णय : नापास. वाचकांच्या ग्रुपवर फोटो टाकताच अकोल्यापासून सावंतवाडीपर्यंतचे लोक विचारू लागले, टॅग कुठे मिळेल? प्रत्येक जण आपला अंक टॅग लावून लेखकाच्या पत्त्यावर पाठवणार आहे. त्याला टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरू नये.

संध्याकाळी दिवा लावताना रोज मी सगळ्यांसाठी क्षमा मागते. आज त्या लेखकाला वगळले.

उद्या अकराला मला चाकणच्या झेरॉक्सच्या दुकानातून लाल कागदावर पाचशे टॅग काढून आणायचे आहेत.