अँड्र्यूच्या बायबलातला कागद

अँड्र्यू मॅकएल्रॉयच्या बायबलात तो कागद मी ठेवला. मदत म्हणून.

पेनसिल्व्हेनियात पाद्री घडवणाऱ्या कॉलेजला आम्ही एका खोलीत राहायचो. ग्रीक क्रियापदं तो झोपेतही चालवायचा, पण स्वतःचंच प्रवचन त्याला पाठ होत नसे. आणि आमच्या पंथात कागदावरून वाचणारा पाळक म्हणजे पाळकच नव्हे. म्हणून प्रत्येक प्रवचन तो आधी घरी, थोरल्या बहिणीला पत्रात लिहून पाठवायचा. जेन एका ओळीत निकाल द्यायची: "तिसरा मुद्दा लांबलाय, अँडी. गाईसुद्धा आडव्या होतील."

जेनला क्षय होता. गावच्या चर्चमधली पाळकाची जागा रिकामी झाली तेव्हा अँड्र्यूला एवढंच हवं होतं, की ती मिळावी आणि जेन आहे तोवर घरी राहता यावं. नाहीतर कॉलेज पाठवील तिकडे जाणं आलं.

गावच्या चर्चमध्ये चाचणीचं प्रवचन होतं, त्या रविवारासाठी मीही सोबत त्याच्या घरी गेलो. सकाळी त्यानं लापशी तशीच बाजूला सारली. दुसऱ्या मुद्द्यानंतर सगळं कोरं होतंय, म्हणाला. मी माडीवर जाऊन जेनकडे त्या प्रवचनाचं पत्र मागितलं. नको, त्याला आठवेल, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, नुसता आधार. अँड्र्यूला न सांगता मी ते पान त्याच्या बायबलात सरकवलं.

तो अडलाच नाही. इतकं छान मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्या भरात त्यानं बायबल उंचावलं आणि पान तरंगत खाली, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर पडलं. त्या वडीलधाऱ्यांत स्प्राउल सगळ्यांत जुने. त्यांनी चष्मा लावला आणि उरलेलं प्रवचन शब्द न् शब्द कागदाशी ताडून पाहिलं.

दारात त्यांनी कागद परत केला. "काय रे पोरा, पवित्र आत्मा हल्ली टपालानं येतो का?"

आठ दिवसांत चर्चच्या मंडळीनं पाळक म्हणून दुसऱ्याला बोलावलं.

पान जेनच्या पत्राचं, तेव्हा ठेवलं जेननंच, असं अँड्र्यूनं धरलं. तिचा निरोपही न घेता निघाला. वाटेत सांगायचं मी ठरवलं होतं. त्याचा चेहरा पाहून पुढच्या मुक्कामावर ढकललं. कॉलेजात पोचल्यावर त्यानं तिला एक कडू पत्र लिहिलं. टपालात टाकायला मीच गेलो.

जेनचं उत्तर आलं: चूक झाली, अँडी, मनाला लावून घेऊ नकोस. त्याच टपालानं माझ्या नावे वेगळी चिठ्ठी आली. "तुम्हा दोघांना एका खोलीत राहायचंय. मला नाही."

कॉलेजनं अँड्र्यूला आयोवाच्या माळावर धाडलं. ऑक्टोबरात जेन गेली. त्याला कळायला तीन आठवडे लागले.

आता लाकडी शाळेत अकरा माणसांपुढे तो प्रवचन करतो. सरळ कागदावरून वाचतो, कुणाची हरकत नाही. मी इकडे पोरांना लॅटिन शिकवतो. त्याच्या प्रत्येक पत्रात तोच प्रश्न असतो: जेननं मला माफ केलं होतं का? तुझ्याशी काही बोलली होती का? मी कोणाचं लग्न झालं, कोणता प्राध्यापक बहिरा झाला, ते कळवतो.

शेवटच्या पत्राला तीन महिने झाले. दोनदा "प्रिय अँडी" लिहून झालं. पुढे हवापाण्याचं लिहिलं आणि फाडलं. उत्तर अजून द्यायचंय.