तात्यांच्या बायकोचं चित्र

बारामतीत आठवडाभर मी फ्लेक्स बनवतो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. रविवार मात्र माझ्या चित्रांचा. त्या दिवशी कुणी काम आणलं की माझं डोकंच फिरतं.

तरी एका रविवारी सणसरचे एक तात्या खोलीवर आले. बायको वारलेली, आणि फोटो म्हणजे आधार कार्डावरचा काळा डाग. चित्र काढून हवं होतं.

"तात्या, नाक कसं होतं त्यांचं?" मी चिडूनच विचारलं.

तात्या म्हणाले, "उसाच्या लागणीला ती म्होरं कांड्या टाकायची, मी मागनं पायानं दाबत जायचो. पाठच ध्यानात हाय."

मी वाकलेली पाठ काढली.

"व्हय, हीच," ते म्हणाले. बराच वेळ बघत बसले. मग हळूच म्हणाले, "आता जरा वळीव की तिला माझ्याकडं."